कोकणकड्यावरचं इंद्रवज्र

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुकं खालून चढतं. अरबी समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला अडली की तिला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते, दर १००० मीटरला साधारण १० अंशांनी. एका उंचीवर बाष्पाचे थेंब होऊ लागतात. कोकणातून पाहणाऱ्याला तो ढग, धारेवर चालणाऱ्याला धुकं.

सकाळचं ऊन पाठीशी आणि धुकं कड्याखाली असेल, तर इंद्रवज्र दिसू शकतं. सावली धुक्यावर पडते, डोक्याभोवती रंगीत कडी उमटतात. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने इथेच ते पाहिलं, असं सांगतात.

कड्याच्या टोकाशी पालथी पडून (उभ्याने डोकवायची ही जागा नव्हे) भाची म्हणाली, "मामा, कडं माझ्याच डोक्याभोवती आहे, तुझ्या नाहीच!" मला नेमकं उलटं दिसत होतं. दोघंही खरे. धुक्याचे थेंब शतांश मिलिमीटरच्या घरातले; ते थोडा प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच परत पाठवतात. त्यामुळे ज्याचे डोळे, त्याच्याच डोक्याची सावली रंगीत कड्याच्या मध्यभागी. थेंब जितके बारीक, तितकं कडं मोठं. लहानमोठे मिसळले की रंग फिकटतात. इंद्रधनुष्याची ४२ अंशांची त्रिज्या मात्र याला कधीच गाठता येत नाही.

गड चढणं जमत नसेल, तर विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मागा आणि खालच्या ढगांवर विमानाची सावली शोधा.