पिकअपचं नाक उचलण्याआधी मोबाईलने एक कोन मोजा

रिकामी पिकअप बाजूने बघा. मागचा भाग थोडा उंच असतो, नाक खाली झुकलेलं असतं. रील्समध्ये लेव्हलिंग किट बसवून हे नाक वर आणलेलं दिसतं आणि गाडी एकदम दणकट वाटते. गगनबावड्याच्या माझ्या मामेभावालाही तेच करायचं होतं. त्याची डी-मॅक्स मात्र शोसाठी नाही. हंगामात ती देवगडचा आंबा भरून करूळ घाट चढते आणि कोल्हापूरच्या मार्केटला जाते. "तू इंजिनिअर ना, मग सांग, बसवू का?" असं त्याने विचारलं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, पण यातला मोठा भाग मोजमापाचा आहे आणि मोजायचं साधन आपल्या खिशातच असतं.

मागचा भाग उंच का असतो?

तो उंचवटा म्हणजे मालासाठी राखून ठेवलेली जागा. माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी साधारण सरळ होते. म्हणजे कंपनीने गाडी भरलेल्या अवस्थेचा विचार करून बनवलेली असते. किट बसवल्यावर ती रिकामी असतानाच सरळ होते. मग माल भरल्यावर मागचा भाग खाली बसतो आणि नाक आभाळाकडे जातं.

किटमध्ये असतं काय?

डी-मॅक्स किंवा हायलक्ससारख्या गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकत्र असतात. त्याच्या वरच्या टोकाला धातूची जाड चकती बसवतात, तिला स्पेसर म्हणतात. शॉकचं खालचं टोक चाकाजवळ नसतं, आर्मच्या मध्ये कुठेतरी असतं. त्यामुळे तरफेसारखा परिणाम होतो आणि चकतीच्या जाडीपेक्षा गाडी जास्त उचलली जाते. ज्या गाड्यांना पुढेही पाटे आहेत, त्यांना हा स्पेसर बसतच नाही.

वजन मागे सरकतं का?

"नाक उचललं की पुढची चाकं हलकी होतात," असं खूपजण सांगतात. हिशोब करून बघू. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.१ मीटर, गाडीचं वजन २,५०० किलो आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमीवर धरू. नाक ५ सेंमी उचललं तर मागे सरकणारं वजन जेमतेम १० किलो येतं. म्हणजे हे कारण फार मोठं नाही. पुढची चाकं खरी हलकी होतात ती मागच्या अॅक्सलच्याही मागे माल रचल्याने. मग किटचा खरा त्रास कुठे आहे?

त्रास हेडलाइटचा आहे

लो बीम मुद्दाम किंचित खाली झुकवलेला असतो. हा झुकाव साधारण १ टक्का धरू, म्हणजे २५ मीटरवर प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा २५ सेंमी खाली. आता किटने नाक ५ सेंमी उचललं. ३.१ मीटर लांबीवर हा कोन एक अंशाहूनही कमी आहे. पण २५ मीटरवर तीच कड ४० सेंमी वर जाते, म्हणजे दिव्यापेक्षा १५ सेंमी उंच. माल भरल्यावर मागचा भाग आणखी ६ सेंमी दबला असं समजा. कड अजून ४८ सेंमी चढते.

दिवा जमिनीपासून ९० सेंमीवर होता, किटने तो ९५ वर गेला. त्यात ६३ मिळवा, झाले १५८ सेंमी. समोरून येणाऱ्या बाईकवाल्याच्या डोळ्यांच्याही वर! करूळ किंवा भुईबावडा घाटाच्या वळणावर त्याला दोन सेकंद दिसलं नाही, तर पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको.

त्यात गगनबावड्याचा पावसाळा. धुक्याच्या थेंबांवर आपटून वर गेलेला प्रकाश तुमच्याच डोळ्यांत परत येतो. म्हणजे समोरच्यालाही दिसत नाही आणि तुम्हालाही.

मोबाईलने असं मोजा

फोनमधल्या अॅक्सेलरोमीटरच्या आत सिलिकॉनचं सूक्ष्म वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. फोन कलला की गुरुत्वाकर्षणामुळे ते किंचित सरकतं आणि त्यावरून कोन कळतो. तुमच्या पिकअपच्या सस्पेन्शनचाच हा चिमुकला भाऊ.

१. लेव्हल मोजणारं अॅप घ्या. ते दशांशात कोन दाखवणारं हवं, नुसत्या पूर्ण अंशांचा इथे उपयोग नाही.
२. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन सपाट बसत नाही. म्हणून दाराच्या उंबऱ्यावर सरळ पट्टी ठेवून तिच्यावर फोनची लांब कड टेकवा.
३. रीडिंग घ्या. मग गाडी त्याच जागी उलट तोंडाने उभी करून पुन्हा घ्या. दोन्ही वेळा नाकाकडचा चढ अधिक आणि उतार उणे धरा. दोन्हींची सरासरी काढली की रस्त्याचा उतार वजा होतो.
४. हे सगळं रिकाम्या गाडीवर एकदा आणि नेहमीचा माल भरून एकदा करा. सोबत टेपने चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून नोट्समध्ये लिहा.
५. रात्री सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा. लो बीमची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंमी खाली दिसायला हवी. माल भरूनही बघा आणि फोटो काढून ठेवा.

मग ठरवा

माल भरल्यावर गाडी आत्ताच सरळ किंवा नाक वर दिसत असेल, तर किट तुमच्यासाठी नाही. आधी मागचे पाटे थकलेत का ते तपासून घ्या. जड माल केबिनच्या बाजूला रचा. डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करायचा नॉब असेल तर माल भरल्यावर तो वापरा.

माल भरूनही नाक बऱ्यापैकी खाली राहत असेल आणि किट बसवायचंच असेल, तर लिफ्ट कमीत कमी ठेवा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइट नव्याने सेट करा. चाक खड्ड्यात लोंबकळलं की आर्म मूळ रचनेपेक्षा जास्त खाली जातात. म्हणून बॉल जॉइंट, आणि फोर बाय फोर असेल तर पुढच्या अॅक्सलचे जॉइंट, नेमाने तपासा.

शेवटचं कागदोपत्री काम. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमावर कडक निकाल दिला आहे. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही किट घेण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. "चालतंय हो, काय होत नाही" हे गॅरेजवाल्याचं वाक्य क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.