लाइन वारंवार जाते? आधी दिवे पाहा, मग तक्रार करा

हल्ली छोट्या व्यापाऱ्याचा अर्धा कारभार घरातील राउटरवर चालतो. गिऱ्हाइकाची ऑर्डर फोनवर येते, मालाचे पैसे फोनवर जमा होतात आणि जीएसटीचे मासिक ३-बी विवरणपत्रही २० तारखेपर्यंत ऑनलाइनच भरावे लागते. अशा वेळी लाइन गेली तर नुकसान थेट धंद्याचे होते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी लाइन दिवसातून चार-पाच वेळा जाऊ लागली. वैतागून आम्ही राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून रिसेट दाबले. त्याबरोबर आतले युजरनेम व पासवर्ड पुसले गेले आणि जी काही लाइन मिळत होती तीही बंद पडली. दोन दिवसांनी लाइनमन आला. त्याने आधी कपाट पुढे ओढले. मागे फायबरची वायर भिंतीशी चेपली होती. ती मोकळी करून युजरनेम पुन्हा भरण्यास दहा मिनिटेही लागली नाहीत. दोन दिवसांचा खोळंबा आम्हीच ओढवून घेतला होता.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो : बाहेरून येणारी लाइन, राउटर किंवा घरातील वायफाय. तो कोठे आहे, हे राउटरवरील दिवेच सांगतात.

‘लॉस’ हा दिवा लाल लुकलुकत असेल, तर वायरमधून प्रकाश येत नाही असे समजावे. फायबर म्हणजे काचेचा धागा. तो तुटला नाही तरी कडक वळणावर प्रकाश बाहेर गळतो. म्हणून वायर कोठे चेपली, मुडपली आहे का ते पाहावे. हिरवे टोक स्वतः उपसू नये. धुळीचा कणही प्रकाश अडवतो. टोकात डोळा घालून तर मुळीच पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लाइनमन आल्यास त्याला प्रकाशाची मोजणी विचारावी. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेल्यास लाइन टिकत नाही.

‘पॉन’चा दिवा स्थिर आहे, पण ‘इंटरनेट’चा लागत नाही, अशा वेळी बिल थकले आहे का, युजरनेम बरोबर आहे का, हे पाहावे. सगळेच दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर दोष बहुधा ॲडॉप्टरचा किंवा सैल प्लगचा. नवा ॲडॉप्टर घेताना जुन्यावरील व्होल्ट तेवढेच असावेत, अँपिअर कमी नसावेत. जेथे वीज वारंवार जाते, तेथे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस उपयोगी पडतो.

सगळे दिवे ठीक असूनही मोबाइल अडखळतो? मग संगणक लॅनच्या वायरने जोडून पाहावा. तेथे इंटरनेट सुरळीत असेल, तर दोष वायफायचा. राउटर लोखंडी कपाटात किंवा टीव्हीमागे ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो, पण दाट वस्तीत तेथे शेजाऱ्यांच्या राउटरचीही गर्दी असते. त्यात १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असते, मात्र भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते.

नवे कनेक्शन घेणाऱ्यांनी बसवण्याच्या दिवशीच युजरनेम व पासवर्ड वहीत लिहून घ्यावेत आणि वायफायचा मूळ पासवर्ड बदलावा. बंद-चालू करायचे झाल्यास अर्धा-एक मिनिट थांबून करावे. रिसेटला हात लावू नये.

लाइन गेली की तारीख, वेळ आणि कोणता दिवा लाल होता, एवढे त्याच वहीत टिपावे. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तेथे हा क्रमांकच कामी येतो. उधारीची वही आपण नीट ठेवतो. तिच्याच शेवटच्या पानावर ही नोंद ठेवली, तर ऐन २० तारखेला धावपळ होणार नाही.