पल्ला भाल्याचा, मान तलवारीला

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसतात, आणि महादरवाज्यापाशी, बुरुजांवर जे मातीचे मावळे उभे केले जातात त्यांतल्या कित्येकांच्या हातात भाला असतो. हिशेब बरोबर आहे. पूर्वीच्या फौजा भाल्यांवरच उभ्या होत्या. पण किल्ला करणारी तीच मुलं, भाईंदरच्या खारीतली असोत की कोल्हापुरातली, फराळ आटोपून गेम खेळायला बसली की आधी तलवार उचलतात. दोष त्यांचा नाही, गेमच त्यांना तिकडे ढकलतो.

'द एल्डर स्क्रोल्स' ही गाजलेली मालिका घ्या. २००२च्या 'मॉरोविंड'मध्ये भाला चालवण्याचं वेगळं कौशल्य होतं. २००६च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये ते काढून टाकलं आणि २०११च्या 'स्कायरिम'मध्येही परत आणलं नाही. तलवारी, कुऱ्हाडी, गदा मात्र ढिगानं. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'चा (२०१८) प्रकार तर मासलेवाईक आहे. कथा प्राचीन ग्रीसची, म्हणजे जिथला पायदळ सैनिक भाल्यानं लढायचा आणि भाला मोडला तरच कमरेच्या तलवारीला हात घालायचा. नायकाकडे साक्षात लिओनिडास राजाचा भाला आहे, पण तो मोडका! नायक तो जंबियासारखा आखूड धरून वापरतो. सगळ्या कागदी-फासेवाल्या खेळांची आजी असलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या नियमांत साध्या भाल्याचा पल्ला पाच फूट आणि खंजिराचाही पाच फूटच. हा नियम लिहिणाऱ्यासमोर कुणी खरा भाला रोखून उभं राहायला हवं होतं.

कारण सगळी गोम पल्ल्यातच आहे. तलवारीचं पातं तीन फुटांच्या आसपास, भाला सहा-आठ फुटांचा सहज. तलवारवाल्याला वार करायचा तर आधी भाल्याचं टोक चुकवून आत शिरावं लागतं, आणि ते टोक तर मनगटाच्या जराशा हालचालीनं दिशा बदलतं. गेममध्ये ही भीतीच नसते. समोरचा गडी टोकावर छाती देत सरळ चालत येतो, त्याच्या आयुष्याच्या पट्टीतला थोडा रंग कमी होतो आणि तो खुशाल तलवार चालवू लागतो. खऱ्या माणसाच्या बरगडीत चार बोटं लोखंड गेलं की भांडण तिथंच मिटतं. शिवाय गेम एकट्या नायकाचा असतो, आणि भाल्याला खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लोक लागतात. मॅसिडोनियाच्या सैनिकांचे भाले पाच-सहा मीटर लांब असत. एकट्यानं असला भाला धरला तर हसू होईल, पण ओळीमागे ओळ उभी राहिली की अंगावर येणारा घोडाही थबकतो.

डावपेचांचे गेम थोडे शहाणे. 'एज ऑफ एम्पायर्स २'मधला भालाईत फक्त अन्न आणि लाकूड खर्चून मिळतो, सोनं लागत नाही, आणि घोडेस्वारांना तो भारी पडतो. हे इतिहासाला धरून आहे. चांगल्या तलवारीला हातभराहून लांब उत्तम पोलाद लागायचं. आपल्याकडे तर युरोपातून आलेल्या पात्यांना इतकी मागणी होती की त्या तलवारींचं नावच 'फिरंग' पडलं. भाल्याला मात्र वीतभर लोखंड आणि भरीव वेळू पुरे. गेममधल्या या बिनसोन्याच्या भालाइतांना खेळाडू कचरा म्हणतात तो भाग वेगळा.

पण मराठ्यांचा भाला या हिशेबातही बसत नाही, कारण इथे तो घोडा अडवणाऱ्यापेक्षा घोड्यावरच्या माणसाच्या हातात जास्त दिसतो. बोथट टोकाची बोथाटी घेऊन सराव करायचा आणि मोहिमेवर लांब दांड्याचा भाला घेऊन निघायचं, ही स्वाराची रीत. ग्रँट डफनं १८२६च्या आपल्या इतिहासात पहिल्या बाजीरावाची एक आख्यायिका दिली आहे. निजामानं एक चित्रकार पाठवला आणि बाजीराव ज्या अवस्थेत प्रथम दिसेल तसाच काढून आणायला सांगितलं. चित्रात आला तो घोड्यावर बसलेला पेशवा, भाला खांद्याला टेकवलेला, दोन्ही हातांनी ज्वारीची कणसं चोळून दाणे खात चाललेला. कथा खरी असो नसो, सांगणाऱ्यांना पेशव्याच्या खांद्यावर भालाच शोभला हे महत्त्वाचं. आज मात्र आपल्या पोवाड्यांत, सिनेमांत, चौकाचौकांतल्या पुतळ्यांत तलवारच जास्त चमकते. भवानी तलवारीची कथा पोरासोरांना ठाऊक, पण महिषासुराला मारताना तुळजाभवानीच्या हातात त्रिशूळ असतो याकडे कोण लक्ष देतं? गेमवाल्यांनाच का नावं ठेवायची!

भाल्याचं कौतुक करताना मर्यादाही सांगायला हवी, आणि त्यासाठी खारीहून लांब जायला नको. भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पलीकडे वसईचा किल्ला. चिमाजी अप्पांची मोहीम १७३७ला सुरू झाली. ठाणं पडलं, पुढे भाईंदर-उत्तनकडचं धारावी बेट मराठ्यांनी घेतलं (मुंबईतली धारावी नव्हे), आणि मे १७३९मध्ये वसई शरण आली. तिथं तटाला भगदाड पाडलं ते सुरुंगांनी आणि तोफांनी. दगडी भिंतीपुढे भाला काय करणार? उघड्या मैदानातला राजा तटाखाली साधा शिपाई होतो. पण बिचाऱ्या तलवारीचीही तिथं तीच गत होती, हे कुणी सांगत नाही.

सुधारणेची चिन्हं आपल्याच अंगणात आहेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं २०२०मध्ये काढलेल्या 'राजी : अॅन एन्शंट एपिक'मध्ये नायिकेचं मुख्य शस्त्र त्रिशूळ आहे. दांड्याचा आधार घेऊन ती गिरक्या मारते, अंतर राखून लढते, आणि ते खेळायला झकास वाटतं. म्हणजे लांब दांड्याचं शस्त्र रटाळ असतं हा नुसता समज आहे.

याहून मोठा ऐवज अजून पडूनच आहे, तो म्हणजे विटा. भाल्याच्या दांड्याला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा, लागला की हिसडा देऊन परत हातात घ्यायचा. २०१८च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये क्रेटॉसनं फेकलेली कुऱ्हाड जादूनं उडत हातात परत येते, त्यावर जगभरचे खेळाडू फिदा झाले. आपल्याकडे तेच काम दोरीनं होत होतं, जादूशिवाय. मराठी गेम बनवणाऱ्या मंडळींनी पुढचा नायक रेखाटण्याआधी कोल्हापुरात जाऊन मर्दानी खेळाच्या आखाड्यात विटा चालताना एकदा तरी पाहावा.