स्टेअरिंग थरथरलं की अलाइनमेंटच गेलं?

रोवणीच्या दिवसांत सानगडीहून साकोलीकडे निघालं की बांधीतून वर आलेल्या ट्रॅक्टरांनी सांडलेला चिखल रस्त्यावर असतोच. समोरच्याला साइड द्यायला कार खाली उतरवली की तोच चिखल चाकात भरतो. गावात काही जाणवत नाही. साकोलीला राष्ट्रीय महामार्ग 53 लागतो, वेग ऐंशीकडे जातो आणि स्टेअरिंग थरथरू लागतं. मग ‘अलाइनमेंट गेलं’ असं निदान लगेच ठरतं. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग तिरकं राहतं, टायर एकाच कडेने झिजतो. (ओढत असेल तर आधी हवा तपासा, दोन्ही पुढच्या टायरांतली हवा कमी-जास्त असली तरी हेच होतं.) ठरावीक वेगालाच येणारी थरथर मात्र बहुधा बॅलन्सिंगची असते आणि त्याला रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला मूठभर चिखलही पुरतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं, म्हणून तो धुताना सुटतो. पैसे खर्च करण्याआधी चाकाच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि उरलेली ढेकळं काडीने खरवडून काढा. तरीही थरथर राहिली तर बॅलन्सिंग करून घ्या, टायरला फुगा आलाय का, रिम वाकलीय का तेही पाहा.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ‘डिस्क वाकली’ म्हणतात. खरं तर अनेकदा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला फरकही पायाला आणि हाताला कळतो. हबवर गंज राहिला किंवा नट कमी-जास्त आवळले तर डिस्क किंचित तिरकी फिरते आणि हळूहळू असमान झिजते. त्यामुळे हब साफ न करता नवी डिस्क बसवली तर काही महिन्यांनी तोच त्रास पुन्हा येतो. नट समोरासमोरचे, टॉर्क पान्यानेच आवळायला सांगा.

पावसाच्या रात्रीनंतर सकाळी येणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते. चार-दोन ब्रेकांत ती जाते. कायम राहणारी किंचाळी म्हणजे पॅड संपत आल्याची खूण, आणि लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर पॅड संपलेच. आवाज बंद करायला तिथे तेल सोडणं जीवघेणं आहे. एकच चाक जास्त तापत असेल तर नुसते पॅड बदलून भागत नाही. कॅलिपर किंवा त्याच्या पिना अडकल्यात का, ते बघावं लागतं.

ब्रेक ऑइल कमी झालं की भरायचं, हाही गैरसमजच. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड आणि गळती तपासा. नावात ऑइल असलं तरी त्यात इंजिन ऑइल चालत नाही, रबरी सील फुगून निकामी होतात. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रकारचं नवं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं, ओलावा धरलेल्याची हमी 155 अंशांवर येते. साधारण दर दोन वर्षांनी ते बदला.

आणि पेडल तळाला जात असेल तर गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका. जागेवरच उभी ठेवून मिस्त्रीला बोलवा.