घरच्या गिटारचं गणित

ठाकुर्लीतल्या फ्लॅटच्या गॅलरीतही इलेक्ट्रिक गिटार घडवता येते. पोकळ पेटी लागत नाही. सागवानाची फळीही चालते, फक्त खांद्याला जड पडते. तारेची थरथर पकडतो तो पिकअप: लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे.

खरी कसोटी फ्रेटची, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर पहिली फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिथून तार सुरू होते) ३६.४ वर, बारावी बरोबर मध्यावर, ३२४ वर. दर वेळी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, येईल तेवढ्या अंतरावर पुढची फ्रेट. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात; इथे करवतीची खाच चुकली की चुकलीच. लाकूड कोरणारं राउटर यंत्र मात्र दुपारी नको, शेजारी वामकुक्षी घेत असतात! पावसाळ्यात दमट हवेने मान वाकते; तिच्यातली पोलादी सळई चावीने पिळून ती सरळ करतात.