नियतकार्य अवरोध, संगणकीय

ठराविक वेळी आपोआप सुरू व्हावे म्हणून संगणकाला नेमून दिलेले कार्य सुरू झाल्यावर पूर्णही होत नाही आणि अपयशाची नोंद करून थांबतही नाही, या स्थितीस नियतकार्य अवरोध म्हणतात. घरातील छायाचित्रे, कागदपत्रे, ध्वनिमुद्रणे इत्यादींच्या साठ्यासाठी सतत चालू ठेवलेल्या संगणकावर (गृह सर्व्हरवर) माहितीच्या राखीव प्रती घेणे, जुन्या नोंदी काढून टाकणे, तबकडीची तपासणी करणे यांसारखी कार्ये बहुधा रात्री नेमलेली असतात. अयशस्वी कार्याची निदान नोंद राहते. अडकलेले कार्य मात्र चालू असल्याचेच दिसते. त्यामुळे राखीव प्रती कित्येक दिवस घेतल्याच गेल्या नाहीत, हे मूळ तबकडी निकामी झाल्यावर, म्हणजे उपाय हातचा गेल्यावर उघडकीस येऊ शकते.

नियोजनाची यंत्रणा : युनिक्स परिचालन प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) क्रॉन हा नियोजक कार्यक्रम अंतर्भूत होता. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये तयार केलेले त्याचे रूप पुढे अनेक लिनक्स प्रणालींत रूढ झाले. क्रॉनच्या कोष्टकातील प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना व वार असे पाच रकाने आणि त्यांपुढे आज्ञा असते. क्रॉन दर मिनिटास कोष्टक पडताळून वेळ झालेली कार्ये सुरू करतो. ती संपली की नाहीत, हे पाहून तो पुढील कार्य रोखत नाही. दर पाच मिनिटांनी नेमलेले कार्य मध्यरात्रीपासून प्रत्येक वेळी अडकत गेले, तर सकाळी सहाच्या आत त्याच्या ७२ प्रक्रिया साचतात. सिस्टिमडीच्या समयकात याउलट घडते : आधीचे कार्य चालू असेपर्यंत तेच कार्य पुन्हा सुरू होत नाही, म्हणून एकच अडकलेले कार्य पुढील सर्व फेऱ्या बंद पाडते.

कारणे : अवरोधाच्या मुळाशी बहुधा कशाची तरी अमर्याद प्रतीक्षा असते. (१) जाळ्यातून जोडलेला दूरचा साठा बंद पडतो. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ मध्ये पुढे आणलेल्या एनएफएस पद्धतीत ‘कठोर’ जोडणी असल्यास उत्तर मिळेपर्यंत मागणी पुनःपुन्हा केली जाते. (२) दोन प्रक्रिया परस्परांनी धरून ठेवलेल्या साधनांची वाट पाहतात. या कोंडीस आवश्यक असलेल्या चार अटी कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ मध्ये मांडल्या. (३) दोन प्रक्रियांना जोडणारी नळी भरते व पलीकडील प्रक्रिया ती रिकामी करीत नाही; लिनक्समध्ये तिची नेहमीची क्षमता ६४ किलोबाइट असते. (४) कार्यक्रम एखादा प्रश्न विचारतो, पण उत्तर द्यायला कोणी नसते. (५) निकामी होत आलेली तबकडी एकच भाग पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते.

निदान : कार्य अडकले आहे की केवळ संथ आहे, हे प्रथम ठरवावे लागते. काही मिनिटांच्या अंतराने दोनदा पाहून प्रक्रियेने वापरलेला गणनाकाल व लिहिलेली माहिती वाढली आहे का, हे तपासतात. नंतर प्रक्रियेची अवस्था पाहतात. ‘आर’ अवस्था सतत राहून गणनाकाल वाढत असेल, पण फलित नसेल, तर न संपणाऱ्या आवर्तनाचा संशय येतो. ‘एस’ म्हणजे साधी प्रतीक्षा आणि ‘डी’ म्हणजे अखंडनीय प्रतीक्षा. ‘डी’ अवस्थेतील प्रक्रियेचा रोख बहुधा तबकडी किंवा दूरचा साठा यांकडे असतो व ती नवव्या क्रमांकाच्या सक्तीच्या संकेतानेही सहसा थांबत नाही. मूळ अडथळाच दूर करावा लागतो. इतर प्रक्रियांना आधी पंधराव्या क्रमांकाचा संकेत देऊन आवराआवर करण्याची संधी देणे इष्ट असते. तत्पूर्वी उघड्या संचिका व चालू प्रणाली-आवाहन यांची नोंद करावी. अन्यथा कारणाचा पुरावा नष्ट होतो.

प्रतिबंध : कोणताही कार्यक्रम थांबेल की नाही, हे निश्चित सांगणारी सर्वसामान्य रीत असू शकत नाही, या निष्कर्षाचा पाया ॲलन ट्यूरिंग यांच्या १९३६ मधील संशोधनात आहे. म्हणून कार्याला बाहेरूनच कालमर्यादा घालतात. मर्यादा नेहमीच्या कालावधीहून पुरेशी अधिक ठेवतात, कारण अपुऱ्या मर्यादेमुळे निरोगी कार्यही मध्येच तुटते. एका वेळी एकच प्रक्रिया चालावी म्हणून कुलूप-संचिका वापरतात. प्रक्रिया संपताच परिचालन प्रणाली जे कुलूप आपोआप सोडते, ते अधिक भरवशाचे असते. आरंभ व समाप्ती यांच्या वेळा नोंदवाव्यात आणि यशाची सूचना वेळेत न आल्यास तीच धोक्याची खूण मानावी. ही देखरेख दुसऱ्या यंत्रावर असणे श्रेयस्कर, कारण अडकलेला संगणक स्वतःची तक्रार करू शकेलच असे नाही. शेवटी, राखीव प्रतींतून काही संचिका अधूनमधून प्रत्यक्ष परत मिळवून पाहिल्याखेरीज कार्य नीट पार पडते, असे म्हणता येत नाही.