अंदाजाचा जमाखर्च

पेण-रोह्याच्या पेढ्यांवर वाढलेल्या मुलांना नफा-तोटा निराळा शिकवावा लागत नाही. बँकभरतीच्या परीक्षेत तोच हिशेब कामी येतो. आयबीपीएसच्या लिपिक पूर्वपरीक्षेत १०० प्रश्नांसाठी ६० मिनिटे मिळतात. प्रत्येक प्रश्नास पाच पर्याय असून चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. डोळे झाकून पाच उत्तरे नोंदविल्यास सरासरीने एक बरोबर, चार चूक. जमा एक, खर्च एक, शिल्लक शून्य. दोन पर्याय खात्रीने बाद केल्यास मात्र अशा तीन प्रश्नांमागे सरासरी अर्धा गुण पदरी पडतो. इ. स. ८५०च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त निवडीचे प्रकार मोजण्याचा नियम सांगितला. त्या परंपरेच्या वारसांनी रोज घड्याळ लावून सराव करावा आणि चुकांची खतावणी स्वतंत्र ठेवावी.